सातची रोझरी, साडेसातची मॅच: घरातल्या प्रार्थनेला वेळ कुठून आणायचा?

सुकेळी | सोम., रात्री ११:१०

ईस्टरआधीचा उपवासकाळ निम्म्यावर आला. राखेच्या बुधवारी, म्हणजे पहिल्याच दिवशी, घरात ठरलं होतं की निदान ईस्टरपर्यंत तरी संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) पुन्हा सुरू करायची. पहिला आठवडा नीट झाली. मग मुलाची दहावी, नवऱ्याचा मार्च एंड, माझ्या गाडीचा रोजचा उशीर. आता शनिवारपासून आयपीएल. सासूबाई सातला आल्तारापुढे (आमचा देव्हारा) मेणबत्ती लावतात आणि एकट्याच म्हणतात. घरात जो असेल तो आपल्या खोलीतून अधूनमधून ‘आमेन’ म्हणतो, तेवढाच सहभाग.

आम्ही वसईचे, वाडीतलं घर, माझी नोकरी अंधेरीला. माहेरी (तेही वसईतच) सातची घंटा झाली की आंजेलूस (घंटेची छोटी प्रार्थना), लगेच रोझरी, शेवटी लितानी (एकामागून एक विनवण्या), मग मोठ्यांचा आशीर्वाद मागायचा आणि जेवायला बसायचं. पाहुणा आला असेल तर तोही गुडघे टेकायचा. आज माझ्याच घरात ‘चला रे, प्रार्थनेला’ म्हणायला मला संकोच वाटतो. वेळ मिळत नाही यापेक्षा हे जास्त लागतं.

टाइम मॅनेजमेंटचे सल्ले नकोत. ‘पहाटे चारला उठा’ तर मुळीच नको. तुमच्या घरात खरोखर काय टिकलं ते सांगा. टिकलं नसेल तर का, तेही सांगा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा, आमच्यातलेच सगळे लिहायला लागले की नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) कुठली चांगली यावर गाडी जाते.

शेवटची_लोकल | सोम., रात्री ११:४२

माझी प्रार्थना विरार गाडीत होते. पलीकडच्या डब्यात भजनी मंडळ टाळ वाजवत असतं, इकडे मी हेडफोन लावून रोझरीचं रेकॉर्डिंग ऐकायचो. ‘ऐकायचो’ म्हटलं, कारण बंद केलं. रेकॉर्डिंग फोनवर, बायबल फोनवर, दिवसाचं वाचन फोनवर, आणि त्याच फोनवर ऑफिसचा ग्रुप. दुसऱ्या रहस्याला (रोझरीच्या पाच भागांना रहस्यं म्हणतात) मेसेज आला की तिसरं रहस्य कधी संपलं कळायचं नाही. अंधेरी येईपर्यंत पाचही रहस्यं ‘ऐकून’ झालेली असायची.

आता खिशात मणी ठेवतो. गर्दीत हात वर काढता येत नाही, पण खिशातल्या खिशात बोटं फिरतात. कुणाला दिसत नाही, आणि मण्यांवर नोटिफिकेशन येत नाही. घरी मात्र आमच्याकडेही शून्य.

नगरकर_नाना | मंगळ., सकाळी ६:१५

जय ख्रिस्त. आम्ही सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), आमच्यात रोझरी नाही, पण दुखणं तेच.

आमच्या वडिलांचा शिरस्ता असा: रात्रीचं जेवण झालं की ताटं उचलायची नाहीत. हात धुऊन पुन्हा तिथेच बसायचं. शास्त्राचा (बायबलचा) एक अध्याय, ‘उपासना संगीता’तलं एक पद, एक प्रार्थना. वाचताना कुणाची मान पडली तर वडील थांबून विचारायचे, ‘शौलानं काय केलं मग?’ हात वाळून खडखडीत व्हायचे, पण उठायची सोय नव्हती.

हे मोडलं कशानं? टीव्हीनं नाही. टीव्ही आल्यावरही बरीच वर्षं चाललं. मोडलं ते सगळे एकत्र जेवायचे थांबले तेव्हा. मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत शिफ्टला, सून शाळेत, नात क्लासवरून नऊला येते. ताटं एका वेळी पडतच नाहीत तर उचलायची नाहीत कुणाची?

टिकलं ते सांगतो. बुधवारची कॉटेज मीटिंग. दर बुधवारी मंडळीतल्या एका घरी. आपली पाळी आली की पंधरा-वीस माणसं येणार, चहा होणार, सतरंजी अंथरायची. ती रद्द करता येत नाही. आणि दुसरं, गाणं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं सुरू झाली, पेटी-तबला असला, की लहान पोरंसुद्धा जागची हलत नाहीत. नुसतं ‘डोळे मिटा’ म्हटलं की चुळबुळ सुरू.

तिरपा | मंगळ., दुपारी १:०८

खरं बोललो तर चालेल ना? मला रोझरी कंटाळवाणी वाटते. एकच प्रार्थना पन्नास वेळा, तीही एक्स्प्रेसच्या वेगानं. आमच्याकडे डॅडी ‘नमो मरिया’चा पहिला अर्धा म्हणतात तेव्हा आमचा दुसरा अर्धा आधीच सुरू झालेला असतो. शेवटी सगळे विचारतात, संपलं का? यात विश्वास कुठे आला?

मी रविवारी मिस्साला (देवळातल्या उपासनेला) जातो, कुणी ढकलत नाही तरी. रात्री झोपताना देवाशी माझ्या भाषेत बोलतो. त्याचा हिशोब कुणी धरत नाही. गुडघे टेकलेले दिसले नाहीत की ‘पोरगा भरकटला’.

सुकेळी | मंगळ., दुपारी १:३०

@तिरपा, वय काय रे तुझं? रागावून नाही विचारत. माझ्या मुलाच्या तोंडचंच बोलतोयस म्हणून.

तिरपा | मंगळ., दुपारी १:३३

एकोणीस. आणि आयपीएलही बघतो :)

पत्रावळ | मंगळ., दुपारी ३:२०

हा विषय निघाला की पुढच्या दहा मिनिटांत कुणीतरी बायबलातल्या मार्था-मरिया या बहिणींना काढणार, म्हणून मीच काढते. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या रिट्रीटला ऐकायचं: मार्था स्वयंपाकघरात धडपडत बसली, मरिया प्रभूच्या पायाशी बसली, तुम्ही मरिया व्हा. ऐकणाऱ्या आम्ही सगळ्या बायका घरी जाऊन बारा माणसांचं रांधणार. प्रवचन करणाऱ्यांचं जेवणही कुणीतरी मार्थाच करत असते.

लूकच्या दहाव्या अध्यायावर सगळे थांबतात. योहानाचा अकरावा वाचा. त्यांचा भाऊ लाजारस वारल्यावर प्रभूला सामोरी जाते ती मार्था. मरिया घरात बसून राहते. ‘तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस’ ही कबुली मार्थाच्या तोंडची आहे, आणि ती पेत्राच्या कबुलीपेक्षा कुठे कमी नाही. बाराव्या अध्यायात बेथानीला पुन्हा जेवण आहे, आणि तिथेही मार्था वाढतेच आहे. या वेळी तिला कुणी काही बोलत नाही. तिची तक्रारही नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे प्रभूनं तिला कामावरून टोकलं नाही. जिवाच्या दगदगीवरून टोकलं, आणि बहिणीचा हिशोब मांडत बसली त्यावरून. सुकेळीताई, तुमच्या घरात सासूबाई एकट्या म्हणतात याचा त्रास तुम्हालाच होतोय, नवऱ्याला नाही, मुलाला नाही. घरातल्या भक्तीची जबाबदारीसुद्धा बाईच्याच अंगावर का, हे एकदा जेवताना विचारून बघा.

शेवटची_लोकल | मंगळ., दुपारी ३:४१

+१. शेवटच्या दोन ओळींवर डबल.

अर्धा_सेमिनारियन | मंगळ., रात्री १०:०५

मी काही वर्षं सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत) होतो, मग बाहेर पडलो, आता दोन मुलांचा बाप आहे. म्हणून आयडी असा.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी होऊन गेला. इसवी सन ३९९ मध्ये वारला. एकांतात राहणाऱ्या साधूंना दुपारी काय होतं याचं त्यानं वर्णन केलंय. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत सूर्य हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो. साधू सारखा खिडकीकडे बघतो. मग कोठडीबाहेर येऊन सूर्य कुठवर आला, जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे, ते पाहतो. कुणी बंधू भेटायला येतोय का म्हणून इकडेतिकडे नजर टाकतो. मग त्याला ही जागा नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं, आईवडील आठवतात, दुसरीकडे गेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटू लागतं.

फोन नाही, टीव्ही नाही, बायको-मुलं नाहीत, मार्च एंड नाही. चहूकडे वाळू. आणि तरी दर पाच मिनिटांनी खिडकी. आविलाच्या संत तेरेझानंही लिहून ठेवलंय की काही वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिचं लक्ष तास कधी संपतो याकडेच असायचं. ही बाई चर्चच्या आचार्यांपैकी एक! त्यामुळे @तिरपा, ‘संपलं का?’ हा प्रश्न विचारणारा तू पहिला नाहीस, फार चांगल्या रांगेत आहेस.

फोन निर्दोष आहे असं मला म्हणायचं नाही. पण तो फेकला की मन आपोआप देवाकडे जाईल ही समजूत टिकत नाही. वाळवंटातल्या साधूंचा उपाय अगदी साधा होता: कोठडी सोडू नको, टोपली विणत राहा, एखादं छोटं वचन तोंडात ठेव, ठरलेली प्रार्थना ठरलेल्या वेळी कर. बरं वाटो न वाटो.

सांजसकाळ | बुध., सकाळी ९:५०

ठरलेली वेळ, ठरलेली जागा याचा आग्रह मला पटत नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाईट मठात ब्रदर लॉरेन्स होते. आधी सैनिक, पायानं अधू झालेले, मठात आचारी. स्वयंपाकाची त्यांना मुळात आवडच नव्हती. पण भांड्यांच्या खडखडाटात, चार जण चार गोष्टी मागत असताना, आपण देवाच्या तितकेच जवळ असतो असं ते म्हणत. भाकरी थापताना, फाइल लावताना, ट्रॅफिकमध्ये देवाचं स्मरण केलं की झालं. आल्तारापुढची वीस मिनिटं हा हट्ट कशाला? त्यापायी घरात रोज भांडण होणार असेल तर ती प्रार्थना कुणाला पोचते?

अर्धा_सेमिनारियन | बुध., सकाळी १०:२५

ब्रदर लॉरेन्स माझेही आवडते. पण ते कुठे राहत होते ते विसरू नका. मठात! दिवसातून कितीदा तरी घंटा होत होती, शेजारच्या चॅपलमध्ये स्तोत्रं म्हटली जात होती, आजूबाजूचा प्रत्येक माणूस त्याच कामासाठी तिथे आलेला. त्या चौकटीत उभं राहून ते भांडी घासताना देवाशी बोलत होते. आपण फक्त भांडी उचलली आणि घंटा सोडून दिली. मी स्वतः ‘काम हीच प्रार्थना’ म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांना ओळखतो. काम पुष्कळ दिसतं.

सांजसकाळ | बुध., सकाळी १०:३१

शेवटचं वाक्य लागलं. पण मुद्दा मान्य, अर्धा.

सेक्रेटरी_नको | बुध., रात्री ११:५५

एक बाजू कुणी लिहीत नाहीये म्हणून लिहितो. मी पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे धर्मग्रामाच्या कारभारी मंडळावर आहे. माझ्या फोनवर धर्मग्रामाचे सात ग्रुप आहेत: कौन्सिल, सणाची कमिटी, गायनमंडळ, युवा, विभागाचा, पालकांचा, आणि एक ‘फक्त सूचना’, ज्यावर सर्वात जास्त गप्पा होतात. सकाळी पावणेसहाला पहिलं ‘गुड मॉर्निंग’ वचनासह येतं, मागे सूर्योदय, कबुतर, गुलाब. दुपारपर्यंत तीच ओळ पाच ग्रुपवर फिरून येते. मी हात जोडलेला इमोजी टाकतो. दिवसभरातला माझा देवाशी झालेला व्यवहार हाच.

रविवारी मिस्साला मी मागे उभा. माईक नीट आहे का, पार्किंग कुणी अडवलं, प्रसादाला पाव आले का. ख्रिस्तशरीर (मिस्सातली पवित्र भाकरी) घेतो आणि परत पार्किंगकडे. बायको म्हणाली, ‘तू देवळात सर्वात जास्त वेळ असतोस आणि मिस्सा मात्र आम्ही ऐकतो.’ आपण ‘संसाराची व्यवधानं’ म्हणून टीव्ही-क्रिकेटला धरतो. देवाच्या नावानं चालणाऱ्या गडबडीचं काय? तिच्याविरुद्ध बोलताही येत नाही, कारण ती सेवा.

पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये विचारलं होतं, आपण बायबलला मोबाइलसारखं वागवलं तर, विसरलं की परत फिरून घेतलं तर? मला ते वाचून हसू आलं होतं. आमच्याकडे बायबलचे तुकडेच मोबाइलवर एवढे पडतात की पुस्तक उघडायची गरज वाटेनाशी झालीय.

पत्रावळ | गुरु., रात्री १२:०२

@सेक्रेटरी_नको, मार्थाचा पुरुष अवतार! दगदगीसकट. (हलके घ्या.)

रात्रपाळी | गुरु., रात्री २:१६

कुवेतहून लिहितेय, नर्स आहे, वॉर्ड आत्ता शांत आहे म्हणून.

इथे सुटी शुक्रवारी, रविवार कामाचा. त्यामुळे आमचा ‘रविवार’ शुक्रवारी असतो. शहरातल्या कॅथेड्रलमध्ये शुक्रवारी दिवसभर निरनिराळ्या भाषांतल्या मिस्सा चालतात. आवारात पाय ठेवायला जागा नसते. ड्यूटी बारा तासांची. मी कधी पहाटेच्या मिस्साला युनिफॉर्मवर जाते, कधी रात्रीच्या. तमिळ मिस्सालाही बसलेय. एक शब्द कळत नव्हता, पण कुठे उभं राहायचं, कुठे गुडघे टेकायचे हे अंगाला माहीत असतं.

वसईत होते तेव्हा देऊळ पाच मिनिटांवर आणि मी कायम प्रवचनाला पोचणारी. इथे बसनं तासभर जाते आणि आधी पोचते. यात भक्ती किती आणि गावची ओढ किती, मला वेगळं करून सांगता येणार नाही. एवढं मात्र कळलं की इथे ‘नंतर जाऊ’ हा पर्याय नाही. गेला शुक्रवार की गेला आठवडा.

रोजच्यासाठी मी एकच करते. ड्यूटी संपल्यावर बसमध्ये दिवस उलटा आठवायचा. कुठल्या पेशंटशी नीट बोलले, कुणावर खेकसले, कशासाठी आभार मानायचे, उद्या कुणाकडे आधी जायचं. जेझुइट संघ काढणाऱ्या संत इग्नेशियसनं आपल्या लोकांना शिकवलेली रीत आहे ही, दिवसातून दोनदा करायची. बाकी प्रार्थना राहिली तरी ही सोडू नका असं त्याचं सांगणं होतं. मला एकदाच जमते, तीही अर्धी झोपेत. पण जमते.

दिवेलागण | गुरु., सकाळी ११:१८

मी ख्रिस्ती नाही, धागाकर्तीनं बोलावलं म्हणून आलो. घर वारकरी. आजोबा होते तोवर दिवेलागणीला हरिपाठ म्हणजे हरिपाठ. आम्ही पोरं भिंतीला टेकून अर्धवट म्हणायचो. आजोबा गेले, गावचं घर बंद झालं, पुण्यात फ्लॅट. हरिपाठ आता यूट्यूबवर लागतो आणि त्याच वेळी कणीक मळली जाते, मुलांचा होमवर्क होतो. तुमच्या सासूबाईंचं वाचून आईच आठवली.

एक निरीक्षण. आमच्याकडे वर्षभर काही न करणारा माणूसही आषाढीला चार टप्पे चालून येतो आणि त्यावर वर्ष काढतो. तुमच्याकडे तसं काही असतं का?

नगरकर_नाना | गुरु., दुपारी १२:४०

असतं की. आमच्या जिल्ह्यातच हरेगावला सप्टेंबरात मतमाऊलीची (मरियेची) यात्रा भरते. यात्रा कॅथलिकांची, पण येणाऱ्यांत सगळे असतात, तुमचेही. बांद्र्याला माउंट मेरीची जत्राही त्याच सुमारास. पण दिवेलागणराव, वर्षाची यात्रा आणि रोजची भाकरी वेगळी. यात्रेला जाऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरात कसा वागतो, ते घरच्यांना विचारावं.

फुलवाडी | शुक्र., दुपारी २:३०

आजच धागा वाचला. मी नंदाखाल बाजूचा, वाडीवाला. मोगरा, जास्वंद, थोडी पानवेल, थोडी भाजी. बरेच जण ‘आमच्या लहानपणी’ लिहितायत म्हणून राहवलं नाही.

सातला रोझरी व्हायची ती आपले पूर्वज फार भक्तिमान होते म्हणून नव्हे. सूर्य मावळला की वाडीत काम करता येत नाही. पाणी देऊन झालेलं असतं. फुलं पहाटे अंधारात काढायची असतात, टोपल्या दादरला पहिल्या गाड्यांनी जायच्या असतात, म्हणजे नऊला झोपणं भाग. मधले दोन तास घरातला प्रत्येक माणूस घरातच असायचा, दुसरीकडे जायला जागा नव्हती, वीजसुद्धा धड नव्हती. देवळाचं घड्याळ आणि वाडीचं घड्याळ एकमेकांना जुळून होतं. म्हणून जमत होतं. आणि जमत होतं म्हणजे काय? आमचे आजोबा लितानीला घोरायचे. आजी एक डोळा चुलीवर ठेवून ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणायची. चुलत्यांची जमिनीवरून भांडणं झाली की एक घर सोडून दोन वेगळ्या रोझऱ्या चालायच्या, एकमेकांना ऐकू जातील अशा आवाजात.

आता तुमच्या घराचं घड्याळ वाडीचं राहिलेलं नाही, चर्चगेट-विरार लाइनचं आहे. सुकेळीताई, तुम्ही सातला घरी नसताच. मग सातचीच रोझरी का धरून बसलाय? रडायचं असेल तर रडा, मलाही ती घंटा आवडते. पण तुमच्या घरात सगळी माणसं खरोखर एकत्र केव्हा असतात ते आधी बघा. वेळ तिथे बांधा, पूर्ण जमत नसेल तर एकच डेकेड (दहा मणी) म्हणा, आणि मग ती वेळ सातइतकीच कडक पाळा. मी स्वतः पहाटे तीनला फुलं काढताना म्हणतो. बायको आणि मी दोन ओळींत, ती अर्धं म्हणते, मी अर्धं. पोरांना त्या वेळी उठवायची माझी हिंमत नाही.

अर्धा_सेमिनारियन | शुक्र., दुपारी ३:०५

फुलवाडी, गेल्या चार दिवसांत मी जे म्हणायला धडपडतोय ते तुम्ही एका परिच्छेदात लिहिलंत. साधूंनाही घंटा बाहेरून मिळत होती, तुमच्या आजोबांना अंधार मिळत होता. आपल्याला कुणी देत नाही, आपणच ठरवायची आणि आपणच पाळायची, म्हणून दमछाक होते. एकट्यानं तर होतेच. नानांची कॉटेज मीटिंग टिकली कारण दार वाजतं.

जुनाजाणता | शुक्र., सायं. ५:४५

सगळं वाचलं. वेळा बदला, रोझरी एक डेकेड करा, बसमध्ये करा, मोगऱ्यात करा. उद्या म्हणाल मिस्साही सोयीनं. परंपरा ही आपल्या सोयीनं कापायची वस्तू नव्हे. रोझरी शतकानुशतकं आहे तशी आहे.

रात्रपाळी | शुक्र., सायं. ६:१०

काका, शतकानुशतकं आहे तशी नाहीये. रोझरीतली प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली घातली, गुरुवारसाठी. माझी आजी शेवटपर्यंत गुरुवारी जुनीच म्हणायची. दोघांचं स्वर्गात जमेल.

आणि मिस्साचं म्हणाल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, हा चर्चचाच नियम. रविवारी सकाळी क्लासची टेस्ट असलेल्या मुलांच्या आयांना विचारा ही सोय कशी वाटते.

जुनाजाणता | शुक्र., सायं. ६:३२

क्लासवाल्यांनी रविवार धरला त्यावर कुणी बोलत नाही. एमपीएससीचा पेपर रविवारी, स्कॉलरशिप रविवारी, टर्फवरची टूर्नामेंट रविवारी. आपण मुकाट्यानं आपलीच मिस्सा सरकवतो. हे माझं दुखणं आहे. बाकी एक डेकेडवर माझा राग नाही.

पत्रावळ | शुक्र., सायं. ६:५०

काका, हे आधी लिहिलं असतंत तर मी तुमच्या बाजूनं भांडले असते. क्लासच्या पालकसभेत मी एकटीच हात वर करते.

शेवटची_लोकल | शुक्र., रात्री ८:२०

गाडीतून. बायबलातला मार्क १ वाचत होतो (पुस्तकातून, सेक्रेटरी). कफर्णहूमला संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं, रात्रीपर्यंत आजारी बरे करणं चाललंय. भल्या पहाटे अंधारात येशू उठून एकांतात जातो. शिष्य शोधत येतात आणि म्हणतात, सगळे तुला शोधताहेत. आमच्या मॅनेजरचा रोज सकाळचा मेसेज शब्दशः हाच असतो. पुढे काय होतं ते मी विसरलो होतो: येशू परत त्या दाराशी जातच नाही, म्हणतो, चला, दुसऱ्या गावांना जाऊ. थांबलेले तसेच थांबले असणार. मला हे अवघड वाटतं. मी परत गेलो असतो.

सुकेळी | शुक्र., रात्री ११:०५

सगळ्यांचे आभार. पत्रावळताईंचा प्रश्न काल जेवताना विचारला. टेबलावर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग नवरा म्हणाला, ‘मला वाटलं तुम्हा दोघींना आवडतं म्हणून तुम्ही करता.’ यावर सासूबाई जे म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फुलवाडींच्या सांगण्याप्रमाणे हिशोब मांडला. मी पावणेनऊला घरी. मुलगा अभ्यास संपवून नऊला बाहेर येतो. जेवण सव्वानऊच्या सुमारास. चौघं एका खोलीत असतो ते तेव्हाच. तर ठरलं: जेवणाआधी एक डेकेड, त्या दिवसाचं शुभवर्तमान पुस्तकातून, बस्स. पुढाकार रोज वेगळ्यानं घ्यायचा, आणि ज्याची पाळी त्यानंच बाकीच्यांना बोलवायचं. उद्या नवऱ्याची पाळी. सासूबाई सातची आपली पूर्ण रोझरी म्हणणारच, नऊला ‘वरकड’ म्हणून बसतील. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.

मुलाची एकच अट आहे. मॅचच्या दिवशी पहिली इनिंग संपल्यावर.

तिरपा | शुक्र., रात्री ११:१२

साडेसातची मॅच, पहिली इनिंग सव्वानऊच्या आसपासच संपते. ब्रेक वीस मिनिटांचा. मुलगा हुशार आहे, मावशी.

सेक्रेटरी_नको | शुक्र., रात्री ११:२०

वीस मिनिटांत पूर्ण रोझरी बसते, एक डेकेड कशाला? (पळतो.)

जुनाजाणता | शुक्र., रात्री ११:३१

म्हणजे देवाला जाहिरातींच्या वेळात बसवायचं.

पत्रावळ | शुक्र., रात्री ११:३८

काका, चौघं जण फोन बाजूला ठेवून एका खोलीत बसणार आहेत. जाहिराती बघणारा कुणी उरत नाही.

जुनाजाणता | शुक्र., रात्री ११:४४

बरं. पण शुभशुक्रवारी (गुड फ्रायडेला) मॅच असली तर? त्या दिवशी टीव्ही बंदच हवा, इनिंग गेली उडत.

सुकेळी | शुक्र., रात्री ११:५०

त्या दिवशी टीव्हीची पिन सासूबाईंच्या कपाटात. मुलाला अजून सांगितलेलं नाही.

फुलवाडी | शनि., पहाटे ३:०५

ताई, सकाळी नवऱ्याला आठवण करू नका. त्याची पाळी आहे ना, बघू द्या त्याला. मोगरा थोडा जास्त निघालाय आज, आल्तारासाठी हवा असेल तर कळवा, पापडीच्या बाजारात नऊपर्यंत आहे.